फिरंगी कशासाठीं आले, आणि काय सोसून आले

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं निघणाऱ्या स्मरणिकेंत आनंदाचे व आभाराचे लेख पुष्कळ असतील, आणि ते असावेत हें योग्यच आहे. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ घंटानाद आणि मिरवणूक नव्हे. पवित्र शास्त्रांत लेवीयाच्या पुस्तकीं ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे तें दास मोकळे करण्याचें आणि घेतलेली जमीन मूळ धन्यास परत देण्याचें. अर्थात् ज्युबिली हा जुना हिशेब नीट तपासून पाहण्याचा काळ होय. त्याच भावनेनें एक जुना हिशेब वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

त्याचें निमित्त असें घडलें. शनि-अमावास्येच्या यात्रेंत शनिशिंगणापुरास एका वयोवृद्ध शेजाऱ्यांची व आमची गांठ पडली. पीकपाण्याची विचारपूस झाल्यावर ते सहज म्हणाले, “मास्तर, तुमच्या ज्युबिलीचं कानावर आलं, लई चांगलं झालं. पर एक सांगा, तुमचा धर्म फिरंग्यांनीच आणलेला, नव्हं?” प्रश्नांत कुत्सितपणा मुळींच नव्हता. “होय बाबा, आणि नाहींही,” एवढेंच उत्तर आम्हीं त्या गर्दींत देऊं शकलों. राहिलेलें उत्तर या लेखांत देत आहों.

घरीं परततांना एक गोष्ट मनांत घोळत राहिली. शनिशिंगणापूर हें गांव घरांना दारें न बसविण्याच्या परंपरेसाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. उलट, समुद्रावरून आलेल्या त्या फिरंग्यांनीं आमच्या किनाऱ्यावर पाय ठेवतांच पहिलें काम केलें तें तट उभारण्याचें व त्यांस भक्कम दरवाजे बसविण्याचें. हजारों कोस सागर ओलांडून परक्या भूमीवर येणारीं हीं माणसें कोण होतीं? त्यांस कशाची हांव होती, आणि कशाची भीति? आणि त्यांच्या त्या दरवाजांतून आमच्या पूर्वजांकडे जें आलें, त्यांतलें आमचें कोणतें आणि त्यांचें कोणतें?

कोणी म्हणेल, हा विषय कोंकणचा व गोमंतकाचा; देशावरच्या आम्हां लोकांस त्याचें काय? परंतु इतिहास तसें सांगत नाहीं. आमचा हा जिल्हा, ज्यास पूर्वीं अहमदनगर म्हणत व आतां अहिल्यानगर म्हणतात, तो निजामशाहीचें मूळ स्थान होय. आणि निजामशाहीचें समुद्राकडील द्वार म्हणजे चौल बंदर. अरबस्तान व इराणांतील घोडे तेथें उतरत, आणि देशावरचें कापड तेथून परदेशीं जाई. त्या चौलाशेजारीं रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी बुऱ्हाण निजामशहानें पोर्तुगीजांस १५२१ सालीं दिली. पुढें १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाच्या फौजेनें त्याच चौलास वेढा घातला. तो १५७१ च्या जुलैपर्यंत चालला, आणि अखेर तह होऊन उठला. म्हणजे आमच्या मुलुखांतील शिपाई व फिरंगी शिपाई एकाच तटाच्या दोन अंगांस महिनोन्महिने उभे होते. हा इतिहास परक्याचा कसा म्हणावा?

आतां त्यांच्या येण्याचीं कारणें पाहूं. सोळाव्या शतकांतील पोर्तुगाल म्हणजे दहा ते पंधरा लाख वस्तीचा, खडकाळ जमिनीचा एक लहानसा देश. मलबारचें मिरें युरोपांत पोंचेपर्यंत अरब व्यापारी, मिसरचे सुलतान आणि व्हेनिसचे सावकार यांच्या हातांतून जाई, आणि प्रत्येक हात आपला नफा व जकात चढवी. आफ्रिकेस वळसा घालून मिऱ्यांच्या मुळाशींच जातां आलें तर हे सर्व हात टळतील, हा पोर्तुगालच्या राजाचा हिशेब होता. त्याच्याच जोडीस दुसरी ओढ होती. पूर्वेकडे कोठें तरी ख्रिस्ती राजा आहे, त्याची गांठ पडल्यास मुसलमान सत्तांविरुद्ध साह्य मिळेल, अशी समजूत युरोपांत फार दिवस चालत आली होती. २० मे १४९८ च्या सुमारास वास्को द गामाचीं जहाजें कालिकतच्या किनाऱ्यास लागलीं, तेव्हां त्यानें प्रथम किनाऱ्यावर पाठविला तो एक शिक्षा झालेला कैदी. जीव गेलाच तर त्याचा जावो, हा त्यांतील हिशेब. त्या कैद्यास तेथें ट्यूनिसचे दोन मुसलमान भेटले, आणि इतक्या दूर काय शोधावयास आलांत असें त्यांनीं विचारतां, ख्रिस्ती लोक आणि मसाले, असा त्यानें जबाब दिला. दोन्ही हेतु एकाच दमांत सांगितले गेले. पुढील दोनशें वर्षें हे दोन हेतु असेच एकमेकांत गुंतून राहिले, आणि कोणता खरा व कोणता नांवाचा हें पुष्कळदां त्यांचें त्यांसही कळेनासें झालें.

परंतु राजाचा हेतु एक आणि जहाजावर चढणाऱ्याचा हेतु दुसरा. वडिलार्जित वतन थोरल्या भावाकडे जाई, म्हणून सरदारांचे धाकटे पुत्र नशीब काढण्यास निघत. दुष्काळानें व कर्जानें गांजलेले शेतकऱ्यांचे पोरगे शिपाई म्हणून नांव नोंदवीत. कांहीं जण तुरुंगांतून थेट जहाजावर चढविले जात. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून राजाच्या खर्चानें अनाथ मुलीही गोव्यास धाडल्या जाऊं लागल्या. ज्या गृहस्थाशीं त्यांचा विवाह होईल त्यास हुंड्याच्या रूपानें सरकारी हुद्दा मिळे. त्या मुलींची इच्छा कोणी विचारली असेल, असें वाटत नाहीं. कांहीं जण स्वदेशांतील छळास भिऊन निघाले, आणि कांहीं थोडे खरोखर परमेश्वराच्या प्रेमानें. पोट, प्रतिष्ठा आणि परमार्थ, या तिन्ही गोष्टी एकाच गलबतांत बसून आल्या.

त्या गलबतांतील हालांचें वर्णन वाचतांना अंगावर कांटा येतो. वास्को द गामा १४९७ च्या जुलैंत चार जहाजें व सुमारें १७० माणसें घेऊन लिस्बनहून निघाला. परततांना अरबी समुद्र ओलांडण्यास त्यास जवळजवळ तीन महिने लागले, कारण वाऱ्याचा ऋतु न ओळखतां तो निघाला होता. त्या तीन महिन्यांत तीस माणसें मेलीं, आणि एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच खलाशी उरले. शेवटीं, चालविण्यास माणसेंच नाहींत म्हणून एक जहाज त्यांस स्वहस्तें जाळावें लागलें. गामाचा सख्खा भाऊ पावलो वाटेंत अझोर बेटांवर निवर्तला. निघालेल्यांपैकीं निम्मेही लोक मायदेशीं परतले नाहींत.

पुढें या प्रवासाचा क्रम ठरून गेला. लिस्बनहून मार्च-एप्रिलांत निघावें, नैर्ऋत्येचे वारे धरून सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यास पोंचावें. वारा चुकला तर मोझांबिकास थांबून पुढील ऋतूची वाट पाहावी लागे. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघाले ते ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोंचले. तेरा महिने लागले, आणि त्यांतील बराच काळ मोझांबिकांत रोग्यांची शुश्रूषा करण्यांत गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ च्या एप्रिलांत निघून ऑक्टोबरांत गोव्यास आले, आणि आल्यावर लवकरच त्यांनीं आपल्या वडिलांस या प्रवासाचें सविस्तर पत्र लिहिलें. हिरड्या सुजून इतक्या वाढत कीं त्या कापून काढाव्या लागत. पाय सुजत, सर्वांग ठणके, हातपाय हालेनासे होत आणि माणूस अशक्तपणानें मरे. त्यांच्या प्रवासांत दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले व सत्तावीस मेले. आणि हा तोटा इतर वेळांच्या मानानें थोडाच समजला गेला, असें ते नमूद करतात. सत्तावीस मृत्यूंस थोडे म्हणण्याची जेथें संवय पडली, तेथील नेहमीची स्थिति काय असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. या रोगाचें कारण आज शाळेंतील मूलही सांगेल: महिनोन्महिने ताजें फळ वा भाजी पोटांत नाहीं. लिंबांनीं व संत्र्यांनीं तो हटतो हें जेम्स लिंड या ब्रिटिश वैद्यानें १७४७ सालीं प्रयोग करून दाखविलें. तोंवर हजारों तरुण समुद्राच्या तळाशीं गेले.

जमिनीवर पाय लागला म्हणजे हाल संपले असेंही नव्हे. १५१० च्या मार्चांत आल्बुकर्कनें गोवा घेतलें, परंतु मे महिन्यांत आदिलशहाच्या फौजेनें त्यास हुसकून लावलें. तोंच पावसाळा लागला. समुद्र बंद झाला, आणि मांडवीच्या मुखांत अडकलेल्या जहाजांवर त्याच्या लोकांनीं भुकेनें उंदीर खाऊन ऑगस्टापर्यंत दिवस काढले. पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा तरुण पुत्र लोरेन्सु १५०८ सालीं चौलापाशींच मिसरी आरमाराशीं लढतांना पडला; आणि बाप परत जातांना १५१० सालीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं, तेथील रहिवाशांच्या हातून मारला गेला. बापलेकांपैकीं कोणासही मायभूमीची माती मिळाली नाहीं. सामान्य शिपायाची दशा याहून हीन. गोव्यास उतरल्यावर त्याचा पगार महिनोन्महिने थके. मग पावसाळाभर एखाद्या सरदाराच्या पंक्तीस जेवावें किंवा भीक मागावी, एवढेंच त्याच्या हातीं राही. गोव्याचें राजरुग्णालय नांवाजलेलें होतें, तरी तापानें व हगवणीनें तेथून स्मशानाकडे जाणाऱ्यांची रीघ कधीं थांबली नाहीं.

इंग्रजांची गोष्टही निराळी नाहीं. १६६१ च्या विवाहकरारांत मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें, आणि तें ताब्यांत घेण्यास सर अब्राहम शिपमन सुमारें चारशें शिपायांसह १६६२ सालीं आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं ताबा देण्यास नकार दिला. तेव्हां ती पलटण कारवारजवळील अंजदीव बेटावर जाऊन राहिली. तेथें निवारा नाहीं, धड पाणी नाहीं, पावसाचा मारा आणि तापाची सांथ. शिपमन स्वतः १६६४ सालीं तेथेंच वारला. १६६५ च्या फेब्रुवारींत मुंबई हातीं आली तेव्हां शंभराच्या आसपासच माणसें जिवंत होतीं. ज्या मुंबईच्या वैभवावर पुढें एक साम्राज्य उभें राहिलें, तिच्या पहिल्या इंग्रज पलटणीची ही कहाणी.

आमच्या जिल्ह्याशीं निगडित अशी एक व्यक्ति येथें अवश्य स्मरावी. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. तो जन्मानें यहुदी कुळांतला. अशा कुळांतील लोकांस सक्तीनें ख्रिस्ती करून पुन्हां त्यांच्यावर संशय घेण्याची रीति त्या वेळीं पोर्तुगालांत होती. त्याचें येणें हें निदान अंशतः या छळापासून दूर जाणें होतें. बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य व स्नेही बनला. या राजदरबारांत त्यानें युनानी हकीमांशीं चर्चा केली, येथील औषधी वनस्पति, फळें व मसाले पाहिले, आणि तें सारें ज्ञान १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत ग्रथित केलें. एक परदेशी मनुष्य येथें कांहीं लुटण्यास नव्हे तर शिकण्यास आला, याचें हें उत्तम उदाहरण. परंतु ज्यापासून तो दूर आला तें त्याच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून आलें. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन स्थापन झालें. ऑर्ता १५६८ सालीं वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्यांत आलें, आणि १५८० सालीं त्याचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं.

येथें आम्हांस थांबून स्पष्ट बोललें पाहिजे. या लोकांनीं अपार कष्ट सोसले हें खरें. परंतु कष्ट सोसल्यानें दुसऱ्याच्या घरावर हक्क उत्पन्न होत नाहीं. ज्या गामाच्या माणसांनीं समुद्रांत एवढे हाल भोगले, त्याच गामानें १५०२ सालच्या दुसऱ्या सफरींत मक्केहून परतणारें यात्रेकरूंचें जहाज स्त्रियामुलांसह जाळलें. मांडवींत उपास काढलेल्या आल्बुकर्कच्या लोकांनीं त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गोवा पुन्हां जिंकून तेथील मुसलमान रहिवाशांची कत्तल केली. आफ्रिकेंतील माणसें गुलाम म्हणून गोव्याच्या बाजारांत विकलीं गेलीं. तिसवाडींतील देवळें १५४० सालीं व साष्टींतील १५६७ सालीं पाडण्यांत आलीं. १५८३ सालीं साष्टींत कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय मारले गेले. त्या हुतात्म्यांस आम्ही आदरानें स्मरतों. परंतु त्यानंतर कुंकळ्ळीच्या गांवप्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें, हेंही त्याच पानावर लिहिलें पाहिजे. संत झेवियर यांनीं राजा तिसरा जॉन यास पत्रें लिहून त्याच्या अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीविषयीं परखड इशारा दिला, आणि देवाच्या न्यायासनापुढें राजालाच जाब द्यावा लागेल असें बजावलें. त्याच संतानें १५४६ सालीं गोव्यास इन्क्विझिशन पाठवावें अशीही विनंती केली. संतही आपल्या काळाचीं लेंकरें असतात. त्यांच्या पावित्र्याचा आदर करतांना त्यांच्या काळाच्या चुका झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

मग आमच्या वांट्यास यांतून काय आलें? पुन्हां फादर स्टीफन्स यांच्याकडे वळूं. मिरें घेण्यास आलेल्या जहाजांतूनच ते आले, तोच रोग व तेच मृत्यु त्यांनीं पाहिले. परंतु किनाऱ्यावर उतरून त्यांनीं केलें काय? साष्टींतील शेतकऱ्यांत राहून ते त्यांची भाषा शिकले. शिकले इतके कीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनीं मराठींत रचलें, आणि तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. ज्या ओवींत ज्ञानेश्वर माउलीनें आमच्या नेवाशास १२९० सालीं गीतेवर टीका सांगितली, तीच ओवी विल्टशरच्या या इंग्रजानें प्रभु येशूची कथा सांगण्यास स्वीकारली. परक्याच्या घरीं आपला दरवाजा बसविण्याऐवजीं त्या घरच्या उंबरठ्यावर जोडे काढून बसणें, याचा अर्थ असा असतो.

दुसरी साक्ष वसईची. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहाकडून मिळालेली वसई दोनशें वर्षें पोर्तुगीजांकडे राहिली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं ती जिंकली. पुढील वर्षीं चौलही मराठ्यांकडे आलें. फिरंगी सरदार, त्यांचीं कुटुंबें व त्यांचे तोफखाने जहाजांत बसून निघून गेले. मागें राहिले ते तेथले कोळी, कुणबी, आगरी, बागाईतदार ख्रिस्ती. राज्यकर्त्यांची कृपा गेली, शहर ओस पडलें, मठांचीं छपरें कोसळलीं. तरी त्यांनीं आपला धर्म सोडला नाहीं, आणि मराठी राज्यांतही तो पाळण्यास त्यांस मोकळीक मिळाली. धर्म हें जर केवळ फिरंग्याचें उसनें पांघरूण असतें, तर तें १७३९ सालींच त्याच्याबरोबर जहाजांत गेलें असतें.

आमच्या जिल्ह्यांत तर गोष्ट आणखी निराळी. येथें कॅथलिक धर्मगुरू आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानें देश होरपळून निघाल्याच्या काळांत. आणि त्यांतील बहुतेक येशूसंघाच्या जर्मन प्रांताचे. ते राज्यकर्त्यांच्या जातीचे नव्हते. राहुरी तालुक्यांतील केंदळ-वळणासारख्या गांवांत ते भाकरी खाऊन, बैलगाडीनें व पायीं हिंडून राहिले. त्यांतीलच फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक मराठींत सुरू केलें. पुढें ते पुण्याचे बिशप झाले. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां हे धर्मगुरू इंग्रज सरकारच्या लेखीं शत्रुदेशीय ठरले; अनेकांस नजरकैद भोगावी लागली व मायदेशीं परतावें लागलें. बिशप डोरिंग यांस युरोपांतून परत येऊं दिलें नाहीं; ते जपानांत हिरोशिमा येथें सेवेस गेले, आणि १९२७ सालींच पुन्हां पुण्यास येऊं शकले. त्यांच्या माघारीं येथील मराठी उपदेशकांनीं व कुटुंबांनीं दिवा तेवत ठेवला. अर्थात् हेही धर्मगुरू इंग्रजी अमलाच्या छायेंतच येथें आले होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांनीं येथें किल्ला बांधला नाहीं.

१२ मार्च २००० रोजीं, त्या वर्षींच्या महाज्युबिलींत, पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें जगापुढें उभें राहून ख्रिस्तसभेच्या लेंकरांनीं सत्याच्या नांवाखालीं केलेल्या जुलूमांबद्दल देवाची क्षमा मागितली. ज्युबिलीचा खरा विधि तो हाच. जें कबूल करावयाचें तें कबूल करावें, आणि मग मोकळ्या मनानें आभार मानावेत.

तेव्हां बाबा, तुमच्या प्रश्नाचें राहिलेलें उत्तर असें. होय, फिरंगी आले. मिऱ्यांसाठीं आले, मानासाठीं आले, भुकेनें आले, आणि कांहीं थोडे देवासाठीं आले. त्यांनीं फार सोसलें आणि दुसऱ्यांस फार सोसावयास लाविलें. त्यांचे तट आज रेवदंड्यास व वसईस ढांसळून पडले आहेत, आणि त्यांबद्दल आम्हांस हळहळ नाहीं. परंतु त्याच जहाजांतून रिकाम्या हातांनीं उतरलेल्या कांहीं माणसांनीं आमच्याच बोलींत जी कथा आमच्या आजोबा-पणजोबांस सांगितली, ती त्यांनीं आपली मानली, दुष्काळांत व दारिद्र्यांत जपली आणि आमच्या हातीं दिली. ती आतां फिरंग्यांची राहिली नाहीं. ती आमची आहे. आमच्या ज्युबिलीच्या पंक्तीस, बाबा, तुम्ही अगत्य यावें. आमच्याही देवळाचें दार त्या दिवशीं उघडेंच असेल.